दोन रिंगांचा फोन

मी नक्की काय नोकरी करते, हे अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, भेटणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांना वाटायचं, काकू टेलिकॉममध्ये आहेत म्हणजे कोडिंग करत असणार. "काकू, कोणत्या टेक्नॉलॉजीवर काम करता?" असं एकानं विचारलं, तेव्हा मी "तांब्याच्या तारेवर" असं सांगून त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली. आमची मृण्मयी शाळेत सांगायची, "माय मॉम इज लाइक द फोन पोलीस." आणि नागपूरला माझी आई शेजारणीला सांगायची, "आमची शैला तिकडं गरिबांचे फोन पाहते." या सगळ्यांत आईचंच उत्तर बरोबर होतं.

२००१ ते २००८ अशी सात वर्षं मी तिथल्या एका टेलिफोन कंपनीच्या सवलत विभागात होते. विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची चार टेबलं, एक फॅक्स मशीन आणि खिडकीत कुणीतरी सोडून गेलेलं एक कॅक्टस. अमेरिकेत गरीब असतात, हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना मला दरवेळी नव्यानं सांगावं लागे. असतात हो, भरपूर असतात. ज्यांना सरकारकडून धान्याची, औषधपाण्याची किंवा हिवाळ्यात घर गरम ठेवायला मदत मिळते, अशा घरांना साधा तारेचा फोनही कमी दरात मिळायचा. दरातला फरक सरकारच्या एका निधीतून कंपनीला मिळे. अट एकच, एका घराला एकच फोन.

पण नुसतं यंत्र भिंतीवर लटकवलं म्हणजे फोन दिला असं होत नाही. म्हणून आमच्या भिंतीवर किमान सेवेचा एक कागद लावलेला होता. रिसीव्हर उचलला की ठरलेल्या सेकंदांत डायल टोन आला पाहिजे. आपत्कालीन नंबर कधीही लागला पाहिजे. बंद पडलेला फोन मुदतीत सुरू झाला पाहिजे. तक्रार ऐकायला माणूस हवा, नुसती टेप नको. आणि सर्वांत शेवटी, सवलतीचा फोन दुसऱ्या कुणाच्याही फोनपेक्षा हलका असता कामा नये. हे सगळं पाळलं जातंय की नाही ते बघणं हे माझं काम. दर महिन्याला यादीतले थोडे नंबर काढायचे, फोन लावायचा, विचारायचं, आवाज नीट येतो का, खरखर होते का, दुरुस्तीवाला वेळेवर आला का.

मुलाखत घेताना आमची मुख्य मार्शा हिनं विचारलं होतं, की मला फोनचा काय अनुभव आहे. मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नऊ वर्षं ऑपरेटर होते. ट्रंक कॉल, लाइटनिंग कॉल, शेजाऱ्यांच्या घरचा पी.पी. नंबर, पलीकडे कुणी रडत असेल तर तीन मिनिटं झाली तरी प्लग न काढणं, हे सगळं मी तिला सांगितलं. मार्शा उंच, सडसडीत, नियमाला पक्की बाई. तिनं शेवटची गोष्ट ऐकून भुवया उंचावल्या आणि म्हणाली, "इथे तसं करायचं नाही." मग नोकरी दिली.

आमचा दुरुस्तीवाला रे. साठीला आलेला, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत खांबावर चढणारा आणि वर गेल्यावर शीळ घालणारा. एका जानेवारीत बर्फाच्या वादळानं तारा तुटल्या आणि शेकडो फोन बंद पडले. दुरुस्तीची यादी करताना कुणीतरी सवलतीचे नंबर गुपचूप खाली सरकवले. मी कागद घेऊन रेकडे गेले. शैलाचं तिकडे सगळ्यांनी शायला केलं होतं. तो म्हणाला, "शायला, तांब्याला कुणाचं उत्पन्न कळत नाही. मी रस्त्याच्या क्रमानं जातो." आणि तो तसाच गेला. त्या आठवड्यात मी त्याच्यासाठी डबाभर चकल्या नेल्या. त्या त्यानं व्हॅनमध्ये ठेवल्या आणि पुढची सगळी वर्षं माझ्याकडे डबा रिकामा झाल्याची रीतसर तक्रार नोंदवत राहिला.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. दोन भावांचा अर्ज आला होता. एकच घर, पण दोन फोन हवेत, कारण नऊ वर्षांपासून दोघांचं बोलणं नाही. 'घर' कशाला म्हणायचं याची व्याख्या नियमात होती, पण वाचून डोकं भणभणायचं. मी आपली आपल्याकडची पद्धत काढली. आपल्याकडे वेगळं झालं म्हणजे चूल वेगळी झाली. मी थोरल्याला फोनवर विचारलं, "स्टोव्ह किती आहेत?" तो म्हणाला, "एक." "मग जेवण?" "तो सहाला करतो, मी सातला." "आणि मीठ?" पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मीठ एकच आहे." मी अर्ज नामंजूर केला. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला, की थोरल्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलून विचारलं, ही बाई मिठाचं का विचारते?

अशा गोष्टी सांगायला मला फार आवडतात, कारण त्यांत मी शहाणी दिसते. पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्यात मी शहाणी दिसत नाही.

झालं असं, की आमच्या तपासणीत काही नंबर कधीच उचलले जात नसत. चौकशी केल्यावर कळायचं, की गिऱ्हाईक वारलंय किंवा घर सोडून गेलंय आणि फोन मात्र सुरूच आहे. ज्याला गरज आहे त्याचा अर्ज पडून राहतो आणि रिकाम्या खोलीत डायल टोन चालू. मला ते बरं वाटेना. मी मार्शाला एक शक्कल सुचवली. ज्या फोनवरून सलग तीन महिने एकही कॉल पूर्ण झालेला नाही, त्यांची यादी काढू. त्यांना पत्र पाठवू, 'तुम्ही अजून इथे राहता का? महिन्याच्या आत कळवा.' उत्तर आलं नाही तर फोन बंद. मार्शाला शक्कल फार आवडली. वरच्या साहेबांनाही आवडली. माझ्या नावाचा केक आला. त्यावर 'शैलजा'चं स्पेलिंग चुकलेलं होतं, पण मी तो मिरवत घरी आणला.

यादी मीच केली, पत्रंही मीच पाठवली. महिना उलटल्यावर एकेक फोन बंद होऊ लागला, आणि पहिले दोन आठवडे कसलीही तक्रार नव्हती. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, माझा फोन वाजला.

"हनी," पलीकडून एक म्हातारा, ठणठणीत आवाज आला, "माझा फोन मेलाय. आणि माझ्या बहिणीला वाटतंय मी मेलेय. आता बोल."

या होत्या मिस ओपल. सत्त्याहत्तर वर्षांच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या, आमच्या ऑफिसपासून अर्ध्या तासावरच्या जुन्या कारखान्यांच्या गावात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांची धाकटी बहीण रूबी गावाच्या दुसऱ्या टोकाला, तीही एकटी. दोघींकडे सवलतीचा फोन. मी नंबर विचारला आणि स्क्रीनवर बघितलं. 'वापर नसल्याने बंद.' माझीच यादी, माझंच पत्र.

"मॅडम," मी कामाच्या आवाजात म्हटलं, "तीन महिन्यांत तुमच्या फोनवरून एकही कॉल झालेला दिसत नाही."

"एकही नाही? अगं मी रोज सकाळी सातला रूबीला कॉल करते. रोज. ख्रिसमसलासुद्धा."

"पण त्यांनी तो उचललेला दिसत नाही."

"उचलेल कशाला?" मिस ओपल चिडल्याच. "उचलायचा नसतोच! मी दोन रिंगा देते आणि ठेवते. म्हणजे मी उठले. मग ती मला एक रिंग देते. म्हणजे तीही उठली. झालं आमचं काम."

मी स्क्रीनवर नंबर पुन्हा तपासू लागले. त्यांना वाटलं, मला समजलं नाही. त्यांनी मग सावकाश समजावून सांगितलं. त्यांच्या योजनेत महिन्याला मोजकेच कॉल. ते डॉक्टर, औषधाचं दुकान आणि चर्च यांच्यासाठी राखलेले. ते करायलासुद्धा त्या शक्यतो खालच्या शेजारणीकडे जात, कारण तिच्याकडे मोठ्या आकड्यांचा फोन होता आणि कॉफीही. "आणि खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "मी आणि रूबी बोललो की भांडण होतं. रिंग भांडत नाही."

मला समजलं नाही असं त्यांना वाटलं! मला ते इतकं समजलं होतं, की खुर्चीत बसवेना. अमेरिकेत आल्यापासून दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी दिवेलागणीला, मी आईला दोन रिंगा देऊन फोन ठेवत असे. दोन रिंगा म्हणजे आम्ही सगळे बरे आहोत. तीन रिंगा म्हणजे जवळच बस, मी कॉलिंग कार्डावरून फोन करते आहे. माझी आई त्या दोन रिंगांसाठी रविवारी संध्याकाळी कुणाच्या हळदीकुंकवालाही जात नसे. आणि मी, एक्स्चेंजमध्ये नऊ वर्षं काढलेली, स्वतः न उचलायचे कॉल करणारी बाई, 'उचलला नाही म्हणजे वापर नाही' अशी यादी करून तिच्यावर केक खाऊन बसले होते. दुसऱ्या कुणी ही यादी केली असती तर मी त्याला माफ केलं असतं. त्याला माहीत नव्हतं म्हटलं असतं. मला माहीत होतं.

"पत्र आलं नाही का तुम्हाला?" मी विचारलं. अजून मी स्वतःला वाचवायलाच बघत होते.

"पत्रं मी ब्रेडच्या डब्यात ठेवते. भाचा महिन्यातून एकदा येतो, तो वाचतो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हनी."

तोपर्यंत मला वाटत होतं, त्या शेजारणीकडून बोलताहेत. "तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"रूबीच्या घरी."

"मग त्या ठीक आहेत ना? त्यांना सांगा, काळजी करू नका."

"तेच तर सांगतेय! रूबी इथे नाही, दार उघडं टाकून गेलीय."

मग सगळं कळलं. सकाळी सातला मिस ओपलनी रिसीव्हर उचलला तर आत काहीच नाही. टोन नाही, खरखर नाही. शेजारीण नेमकी मुलीकडे गेलेली. आता रूबी घाबरेल, म्हणून या कोट चढवून बर्फातून बसस्टॉपवर गेल्या. तिकडे रूबीनं आठपर्यंत वाट पाहिली. मग स्वतःच फोन लावला, तर टेप म्हणाली, हा नंबर सेवेत नाही. ते ऐकून तिला काय वाटलं असेल! तीही कोट चढवून बसस्टॉपवर. दोन सत्तरी ओलांडलेल्या बहिणी, दोन बसेस, आणि वाटेत कुठेतरी त्या बसेस एकमेकींना ओलांडून गेल्या.

"म्हणजे आता ती माझ्या घरी आहे आणि मी तिच्या घरी," मिस ओपल म्हणाल्या. "आणि माझ्या घरचा फोन तुम्ही मारून टाकलाय. ती जिन्यात बसून माझं नाव घेऊन रडत असेल. तिचं हृदय धड नाही, मिस शायला." हे शेवटचं वाक्य त्या चिडून बोलल्या नाहीत. 

मी रेला गाठलं. तो त्याच गावात एका खांबावर होता. पत्ता दिला, म्हटलं, सगळं सोड आणि जा. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. रूबीनं दार वाजवून उघडेना म्हणून अग्निशमनवाल्यांना बोलावलं होतं. त्यांनी कुलूप तोडलं. आत कुणी नाही, पलंगावर गादी नीट आवरलेली, आणि खुंटीवर कोट नाही. रूबी त्या पलंगावर बसून होती, रिकामा हँगर हातात घेऊन. रेनं तिला काही समजावलं नाही. त्यानं आपला कामाचा मोबाइल काढला, रूबीच्याच घरचा नंबर लावला आणि तिच्या कानाला लावला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," रे म्हणाला, "दहा सेकंद दोघी रडल्या. त्यानंतर भांडण सुरू झालं. अजून चालू आहे. माझा मोबाइल मला परत कधी मिळेल सांगता येत नाही."

मी हसले आणि मग टेबलावर डोकं टेकून रडले. पण काम तिथे संपत नव्हतं. मिस ओपलचा फोन नियमाप्रमाणे 'नवा अर्ज' झाला होता. कागद, पडताळणी, जोडणी, आठवडा सहज गेला असता. हवामानवाले गुरुवारपासून मोठ्या बर्फाचं सांगत होते. शिवाय माझ्या यादीत उरलेल्यांची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती. त्यांच्यात असे दोन रिंगावाले किती, मला माहीत नव्हतं.

मी मार्शाच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "माझी यादी चुकली."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शायला, कॉल पूर्ण झाला नाही तर तो वापर नाही. ही व्याख्या मी केलेली नाही."

"पण त्यांचं काम त्या दोन रिंगांत पूर्ण होतं."

"ते मी वर कसं सिद्ध करू? न उचललेल्या कॉलची नोंद बिलात नसते."

बिलात नसते, हे खरं. पण मी एक्स्चेंजमधली. न उचललेला कॉलही यंत्रातून जातोच, आणि यंत्र काही आठवडे त्याची आठवण ठेवतं. कुणी बघत नाही इतकंच. मी रेच्या मागे लागले. त्यानं एक्स्चेंजमधल्या आपल्या जुन्या मित्राला गाठलं. बुधवारी दुपारी तो कागदाची लांबलचक पट्टी घेऊन आला. माझ्या यादीतले सगळे नंबर आणि त्यांचे न उचललेले कॉल.

मी आणि मार्शा ती पट्टी टेबलावर पसरून बसलो. मिस ओपल, रोज सकाळी सात, दोन रिंगा. कुणीतरी रोज दुपारी चारला, एक रिंग. शाळेतून मूल घरी पोचल्याची असेल, मी म्हटलं. कुणीतरी फक्त रविवारी. त्या ओळीवर मी बोट ठेवलं. एक नंबर दिवसातून चार-पाच वेळा एकाच ठिकाणी लावलेला, आणि प्रत्येक वेळी खूप वेळ वाजत राहिलेला. त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही लावता आला नाही. यादीतल्या किती तरी फोनांचं असंच होतं. आम्ही ज्यांना मेलेले समजत होतो, ते सगळे आपापल्या वेळेला दार वाजवून जात होते.

मार्शानं चष्मा काढून पुसला. मग तिनं माझी यादी घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि सही केली. "उद्या दुपारपर्यंत बंद केलेले सगळे चालू," ती म्हणाली. "अर्जबिर्ज नको. चूक आपली आहे." मी दारापर्यंत गेल्यावर तिनं हाक मारली. "आणि शायला, पुढच्या वेळी शक्कल सुचली तर मला सांगायच्या आधी तुझ्या आईला सांग." आईबद्दल मी तिला त्या पट्टीवर वाकलेलं असताना कधीतरी सांगितलं होतं. ते तिच्या लक्षात राहिलं होतं.

गुरुवारी सकाळी बर्फ सुरू व्हायच्या आत रेनं मिस ओपलची लाइन जोडली. कुलूपही त्यानंच बसवलं. ते त्याचं काम नव्हतं. आता उरली नियमाची शेवटची पायरी. ऑफिसमधून चाचणीचा कॉल करायचा, गिऱ्हाइकानं उचलून 'ऐकू येतंय' म्हणायचं, आणि मी फॉर्मवर खूण करायची. मी नंबर लावला. रिंग वाजते आहे, वाजते आहे, उचलत कुणी नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. रे तर खालीच व्हॅनमध्ये होता. तो मोबाइलवर म्हणाला, म्हातारी घरातच आहे, मी आत्ता तिच्या हातची कॉफी प्यायलो, तुझा कॉल येणार हेही तिला सांगितलंय.

मी फॉर्मकडे बघत बसले. मग माझ्या लक्षात आलं. मी तिसऱ्यांदा नंबर लावला, दोन रिंगा दिल्या आणि फोन ठेवून दिला.

अर्ध्या मिनिटानं माझ्या टेबलावरचा फोन एकदा वाजला आणि थांबला.

'गिऱ्हाइकाने ऐकल्याची खात्री झाली का?' या रकान्यात मी 'झाली' असं लिहिलं. सात वर्षांत फॉर्मवर मी लिहिलेला तो सर्वांत खरा शब्द असेल.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायला मला आवडत नाही. तो दिवसातून चार-पाच वेळा वाजवणारा नंबर. तो मिस ओपलच्याही आधी बंद झाला होता. त्या गुरुवारी तोही जोडला. त्यावर मी दोन रिंगा दिल्या, चार दिल्या, दहा दिल्या. रे जाऊन आला. खोली रिकामी होती. भाडेकरू कुठे गेला, घरमालकाला माहीत नव्हतं. तो कुणाला एवढा वाजवत होता आणि पलीकडे कुणी होतं का, मला कधीच कळलं नाही. पण तो नंबर मला अजून पाठ आहे.

त्या रविवारी मी आईला तीन रिंगा दिल्या आणि मग सगळं सांगितलं. आधी तिनं रूबी कशी आहे ते विचारलं. मग म्हणाली, "अगं, तूच कशी विसरली?" त्यात राग नव्हता, नवलच जास्त होतं.  टेबलाच्या या बाजूला बसलं की माणसाला स्वतःचं घरही फॉर्मसारखं दिसायला लागतं, एवढंच मला कळतं.

भिंतीवरच्या कागदात मार्शानं एक ओळ वाढवली, पेनानं, तिच्या उभ्या अक्षरात. 'न उचललेला कॉलही वापर समजावा.' बाहेर कुठे ती छापली गेली नसेल, पण आमच्या चार टेबलांपुरता तो कायदा होता. आणि मिस ओपलनी आपल्या रोजच्या फेरीत मला घेतलं. सकाळी सातला रूबी आणि नऊला, ऑफिस उघडल्यावर, मी. दोन रिंगा. मी एक रिंग परत द्यायची. सुट्टीवर जायचं असेल तर आधी सांगावं लागे, नाहीतर त्या मार्शाला फोन करून माझी चौकशी करायच्या, आणि तो कॉल मात्र उचलावाच लागे. एकदा मला दाताच्या डॉक्टरकडे उशीर झाला, तर मार्शानंच माझ्या टेबलावरून एक रिंग देऊन टाकली. मला कळू न देता. मिस ओपलनी मात्र ते ओळखलं, कारण ती रिंग फार शिस्तीची होती म्हणे.

२००८ मध्ये आमचा विभाग गुंडाळायचं ठरलं. लोक मोबाइल घेत होते, सवलतही हळूहळू तिकडे निघाली होती. आता तर म्हणे तिच्यात इंटरनेट आलंय आणि त्याचाही किमान वेग ठरलेला असतो. चांगलंच आहे. माझा शेवटचा दिवस शुक्रवार होता. सकाळीच केक आला आणि या वेळी माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर होतं. वरच्या मजल्यावरचे एक साहेब भाषणाला आले होते. ते बोलत असतानाच नऊ वाजले आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला. साहेब जवळच उभे होते. ते बोलता बोलता थांबले आणि त्यांनी रिसीव्हरकडे हात नेला.

मार्शानं त्यांचा हात धरला. दुसरी रिंग वाजली आणि फोन गप्प झाला.

"अरेरे, कट झाला," साहेब म्हणाले.

"नाही," मार्शा म्हणाली, "पूर्ण झाला." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "शायला, तू आधी परत रिंग दे. केक नंतर कापू."